यंत्राची हमी आणि शेतकऱ्याची दक्षता

गोदाकाठच्या आमच्या गंगाखेड तालुक्यात हल्ली असा आखाडा विरळाच, की ज्याच्या एका कोपऱ्यात बैलांच्या दावणीशेजारी एखादे यंत्र उभे नाही. कोठे विहिरीवरची मोटार, कोठे कडबाकुट्टी, कोठे फवारणीचा पंप, तर कोठे औतांची मोडतोड घरच्या घरी सांधता यावी म्हणून घेतलेले वेल्डिंगचे यंत्र. ही यंत्रे घेताना आपण किंमत विचारतो, अश्वशक्ती विचारतो, शेजाऱ्याने कोणते घेतले ते पाहून येतो. आणि शेवटी दुकानदाराने “एक वर्षाची गॅरंटी आहे, काळजी करू नका” असे म्हटले की समाधानाने पैसे मोजतो. ती हमी नेमकी कोणी दिली, कोणत्या गोष्टीपुरती दिली, आणि प्रसंग पडल्यास ती वसूल कशी करावयाची, हा विचार मात्र यंत्र बंद पडेपर्यंत मनास शिवत नाही. आणि यंत्र तर नेमके ऐन हंगामात बंद पडते. कारण ते चालते हंगामातच.

या विषयाचा थोडा व्यवस्थित विचार शेतकरी बंधुभगिनींपुढे मांडावा, या हेतूने हा लेख लिहिला आहे. दुसऱ्यास उपदेश करण्यापूर्वी स्वतःची चूक सांगणे इष्ट, म्हणून आरंभ तिच्यापासूनच करतो.

आमची चूक

काही वर्षांपूर्वी ज्येष्ठ महिन्यात आम्ही विहिरीसाठी पाच अश्वशक्तीची, तीन फेजची मोनोब्लॉक मोटार विकत घेतली. दुकानदाराने दोन दर सांगितले : एक पक्क्या बिलाचा, दुसरा कच्च्या पावतीचा. कराचे पैसे वाचतात या मोहाने आम्ही कच्ची पावती पत्करली. हमीचे कार्ड खोक्यात होते. त्यावर ना दुकानाचा शिक्का, ना तारीख, ना यंत्राचा क्रमांक. ते खोके घरी आल्यावर पुढे कोंबडीच्या अंडी उबविण्याच्या कामी आले आणि कार्ड कोठे गेले ते कोणासच कळले नाही.

मार्गशीर्षात गहू तीन आठवड्यांचा झाला होता. या वेळी गव्हास मुकुटमुळे फुटतात आणि याच पाण्यावर पुढचे फुटवे अवलंबून असतात, हे वाचकांस ठाऊकच आहे. त्याच आठवड्यात एके रात्री मोटार जळाली. दुकानदार म्हणाला, “कंपनीचा माणूस आठ-दहा दिवसांनी येईल, तोवर हात लावू नका.” आठ-दहा दिवस पाहण्याचा धीर आमच्याने धरवला नाही. मोटार उतरवून गंगाखेडास रिवाइंडिंगच्या दुकानी नेली, दोन दिवसांत भरून आणली आणि पाणी सुरू केले. पंधरवडा गेला नाही तोच ती पुन्हा जळाली. मग कंपनीचा माणूस आला, त्याने मोटार पाहिली आणि म्हटले, “मोटार बाहेर उघडली आहे, आता हमी उरली नाही.”

त्या वर्षी दोन वेळच्या रिवाइंडिंगचा खर्च अंगावर पडलाच; शिवाय शेजाऱ्याच्या विहिरीचे पाणी मिळेतो गव्हाची दोन पाणी चुकली आणि उतारा निम्म्यावर आला. दोष कोणाचा, असे कोणी विचारील तर दुकानदाराचा होताच. परंतु तो दोष दाखविण्यास आमच्या हाती कागदाचा एक चिटोराही नव्हता. मोटार त्याच दुकानातून घेतली, हेदेखील आम्हांस सिद्ध करता आले नसते.

बलुत्याची हमी आणि कागदाची हमी

आपल्या वाडवडिलांस ही अडचण का पडली नाही, याचा विचार केला म्हणजे या प्रश्नाचे मर्म ध्यानात येते. त्यांच्या शेतीत यंत्रे नव्हती हे खरे. पण नांगर, वखर, तिफण, मोट ही अवजारे होतीच आणि तीही मोडत असत. त्र्यंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘गावगाडा’ या ग्रंथात बलुतेदारीची जी माहिती दिली आहे, तीवरून त्या काळच्या व्यवस्थेची चांगली कल्पना येते. सुताराने व लोहाराने वर्षभर कुणब्याची औतेकाठी नीट ठेवावयाची आणि कुणब्याने सुगीस खळ्यावर त्यास बलुते द्यावयाचे, असा तो व्यवहार होता. नांगराचा हाळीस मोडला तर सुतार “मुदत संपली” असे म्हणू शकत नसे. कारण त्याचे धान्य अद्याप शेतकऱ्याच्या शेतात उभे असे. काम आधी, मोबदला मागून. आणि काम करणारा रोज दृष्टीसमोर. हीच त्या हमीची शक्ती होती.

या पद्धतीत कारागिरावर अन्याय पुष्कळ होत असे आणि जातीच्या बंधनाने तो त्या कामाशी जखडलेला असे. सबब ती व्यवस्था परत यावी, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. सांगावयाचे ते इतकेच की, तीत शेतकऱ्याच्या हाती एक गोष्ट राखून ठेवलेली असे, ती म्हणजे मोबदला.

पुढे कारखान्यात तयार झालेली अवजारे आली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानातील माळावर किर्लोस्करवाडी वसविली आणि तेथे लोखंडी नांगर बनविले. लोखंडाने जमीन नासते, या समजुतीमुळे आरंभी त्या नांगरांस गिऱ्हाईक मिळणे कठीण गेले, ही कथा महाराष्ट्रात प्रसिद्धच आहे. ती समजूत लवकरच गेली. परंतु एक बदल मात्र कायमचा झाला : लाकडी नांगराचा प्रत्येक भाग गावातल्या गावात होत असे, कारखान्यातल्या अवजाराचा सुटा भाग मात्र दुरून आणावा लागू लागला. अवजार करणारा आणि वापरणारा यांच्यामध्ये दुकान, शहर आणि शेकडो मैल येऊन बसले. आता मोबदला आधी द्यावा लागतो आणि काम पुढे कधी तरी व्हावयाचे असते. म्हणजे पूर्वी जी शक्ती खळ्यावरील धान्यात होती, ती आता केवळ कागदात उरली आहे. ज्याने कागद टाकला, त्याने आपली हमी दुकानदाराच्या गल्ल्यातच सोडली, असे समजावे.

हमीत काय असते, काय नसते

बाजारात गॅरंटी आणि वॉरंटी हे दोन शब्द चालतात. गॅरंटी म्हणजे बदलून देणार आणि वॉरंटी म्हणजे दुरुस्त करून देणार, असा भेद दुकानदार तोंडी सांगतात. या भेदावर विसंबून राहू नये. कार्डावर जे शब्द छापले असतील तेच उपयोगी पडतात. म्हणून पैसे देण्यापूर्वी कार्ड मागून घेऊन ते दुकानातच वाचावे. बहुतेक कार्डांत पुढील गोष्टी आढळतात.

पहिली गोष्ट, हमी असते ती यंत्राच्या मालातील व कारागिरीतील दोषापुरती. विजेचा दाब कमी-अधिक होणे, एक फेज जाणे, पाणी नसता मोटार कोरडी चालणे, चुकीची बसवणी, आणि परक्या माणसाने यंत्र उघडणे, या कारणांनी झालेला बिघाड वगळलेला असतो. दुसरी, झिजणारे भाग, जसे पंपाचे सील व बुश, वेल्डिंग यंत्राची केबल व होल्डर, कॉम्प्रेसरचा पट्टा, हे बहुधा हमीबाहेर असतात. तिसरी, मुदत. काही कार्डांवर विक्रीच्या तारखेपासून बारा महिने, अथवा कारखान्यातून माल निघाल्यापासून अठरा महिने, यांपैकी जे आधी संपेल ते, अशी अट असते. असा माल दुकानात वर्षभर पडून राहिलेला असला, तर हमीचे निम्मे वर्ष आपण घरी नेण्यापूर्वीच सरलेले असते. म्हणून पाटीवरील निर्मितीचा महिना पाहिल्याशिवाय यंत्र उचलू नये. चौथी, यंत्र दुरुस्तीच्या ठिकाणी नेण्याआणण्याचा खर्च कोणाकडे, हे लिहिलेले असते; ते बहुधा आपल्यावरच असते. गंगाखेडाहून परभणी सुमारे चाळीस किलोमीटर. पण दुरुस्तीचे केंद्र छत्रपती संभाजीनगरास अथवा पुण्यास असेल, तर भाड्याचा हिशेब आधीच केलेला बरा. पाचवी, हमीत बसविलेल्या नव्या भागास पुन्हा नवी मुदत मिळत नाही. मूळ मुदतीत जे दिवस उरले असतील तेवढेच मिळतात.

यांपैकी कोणतीही अट गैरसोयीची वाटली तर त्याच वेळी बोलावे. विक्री होण्यापूर्वी दुकानदाराचा जो कान असतो, तो विक्रीनंतर राहत नाही.

जळालेल्या तारांची साक्ष

हमीचे बहुतेक तंटे एकाच मुद्द्यावर येऊन थांबतात : बिघाड यंत्रातील दोषाने झाला की वापराने? मोटारीच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा मोटारीच्या पोटातच लिहिलेले असते, आणि ते वाचावयास प्रत्येक शेतकऱ्याने शिकावे, अशी आमची सूचना आहे.

तीन फेजच्या मोटारीत तारांचे तीन संच असतात आणि त्यांची वेटोळी पत्र्यांच्या खाचांत ठराविक अंतराने बसविलेली असतात. चालत्या मोटारीची एक फेज तुटली, तर उरलेल्या तारांतून भार ओढण्यासाठी नेहमीच्या सुमारे पावणेदोन पट प्रवाह वाहू लागतो. मग जोडणी ‘स्टार’ असेल तर तिन्हींपैकी दोन संच काळे पडतात आणि तिसरा स्वच्छ राहतो. जोडणी ‘डेल्टा’ असेल तर एकच संच काळा पडतो आणि दोन स्वच्छ राहतात. काळ्या आणि स्वच्छ वेटोळ्यांचे असे एकाआड पट्टे दिसले, म्हणजे एक फेज गेली होती असे समजावे. तिन्ही संच सारखेच करपले असतील, तर अतिभार किंवा विजेचा दाब फार कमी, हे कारण संभवते. दाब दहा टक्क्यांनी घटला तर मोटारीचे फिरविण्याचे बळ जवळजवळ एकोणीस टक्क्यांनी घटते. कारण ते बळ दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. ती उणीव भरून काढण्यास मोटार अधिक प्रवाह ओढते आणि तापते. याउलट सर्व तारा चांगल्या असून एखाद्याच जागी लहानसा काळा डाग, वितळलेले तांबे आणि तुटलेली तार दिसली, तर त्या जागेचे वेष्टण कच्चे असण्याचा संभव अधिक. वीज कडाडण्याच्या वेळी येणाऱ्या दाबाच्या लोंढ्यानेही असा डाग पडू शकतो, हे मात्र विसरू नये. तथापि पावसाळा नसताना, आभाळ स्वच्छ असताना असा बिघाड झाला, तर तो कारखान्याच्या दोषाकडेच बोट दाखवितो.

यावरून दोन बोध निघतात. एक, जळालेल्या तारा हा पुरावा आहे. रिवाइंडिंगचा मिस्त्री प्रथम त्याच तारा कापून काढतो आणि मोडीत घालतो. म्हणजे साक्षीदारच नाहीसा होतो. आम्ही केले ते नेमके हेच. दुसरा, वापराचा दोष आपल्याकडे राहू नये. स्टार्टरमधील ओव्हरलोड रिले पाटीवरील अँपिअरप्रमाणे लावलेला असावा, एक फेज जाताच मोटार बंद करणारे साधन बसविलेले असावे, आणि रात्री दोन फेजवर कपॅसिटर लावून मोटार चालविण्याची युक्ती हमीच्या मुदतीत तरी करू नये. ती युक्ती उघडकीस आली म्हणजे उरलेला सारा वाद तेथेच संपतो.

दुसऱ्या मोटारीचा अनुभव

पहिल्या फजितीनंतर दोन वर्षांनी दुसरी मोटार घेतली, ती मात्र डोळे उघडे ठेवून. पक्के बिल घेतले; त्यावर यंत्राचा क्रमांक लिहवून घेतला; कार्डावर शिक्का व तारीख घेतली आणि दोहोंची छायाचित्रे काढून ठेवली. विहिरीवरच्या खोलीत एक साधी वही टांगली आणि तीत मोटार बसविल्याचा दिवस, बसविणाऱ्याचे नाव, दाब व अँपिअरचे आकडे लिहून ठेवले.

सातव्या महिन्यात, हरभरा फुलावर असताना, ही मोटारही बंद पडली. त्याच दिवशी आम्ही कंपनीच्या तक्रार क्रमांकावर दूरध्वनी करून तक्रारीचा क्रमांक वहीत टिपला. आणि त्याच संध्याकाळी दुकानदारास व कंपनीस लेखी कळविले. पत्र चार ओळींचेच होते : यंत्राचा क्रमांक, खरेदीची तारीख, बिघाडाची तारीख, आणि पीक पाण्यावर आले असल्याने अमुक दिवसांच्या आत माणूस पाठवावा, ही विनंती. तोपर्यंत शेजाऱ्याच्या इंजिनावर एक पाणी दिले आणि मोटारीस हात लावला नाही. हे नऊ दिवस फार जड गेले, हे कबूल केले पाहिजे.

नवव्या दिवशी मेकॅनिक आला. प्रथम तोही म्हणालाच, “व्होल्टेजने जळाली असेल.” आम्ही त्यास विनंती केली की, मोटार येथेच, आमच्यासमोर उघडावी. उघडली, तो तिन्ही संच स्वच्छ, आणि एकाच खाचेशी बोटाच्या पेराएवढा काळा डाग. वहीतील आकडे त्याने पाहिले, रिलेची खूण पाहिली, आणि पुढे एक शब्दही न बोलता हमीखाली दुरुस्ती मान्य असल्याचे कागदावर लिहून दिले. चार दिवसांनी मोटार पुन्हा विहिरीवर चढली. त्या माणसाची भाषा बदलली, ती आमच्या वादविवादाने नव्हे. उघडलेल्या मोटारीने आणि दोन रुपयांच्या पेन्सिलीने लिहिलेल्या वहीने.

कायद्याचा आधार

एवढे करूनही दाद लागली नाही, तर कायदा काय सांगतो ते पाहू. १९३० च्या मालविक्री कायद्यात ‘अट’ आणि ‘हमी’ असा भेद केलेला आहे. माल ज्या कामासाठी घेतला त्या कामास योग्य असावा, ही विशिष्ट परिस्थितीत गृहीत धरलेली अट असते. ती मोडल्यास खरेदीदार माल नाकारू शकतो. परंतु खरेदीदाराने माल नाकारल्याचे न कळविता वाजवी मुदतीपलीकडे तो ठेवून घेतला, तर त्याने तो स्वीकारला असे मानले जाते आणि मग सामान्यतः केवळ नुकसानभरपाई मागता येते. म्हणून यंत्र पहिल्या दिवसापासून नीट चालत नसेल, तर “बघू पुढे” असे म्हणत महिने घालवू नयेत, लेखी कळवावे.

१९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने साध्या गिऱ्हाइकास स्वतंत्र दारच उघडून दिले. त्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा आला आणि तो २० जुलै २०२० पासून अमलात आला. या कायद्याप्रमाणे विकलेल्या मालाचे बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. म्हणजे पक्के बिल मागणे ही दुकानदारावर कृपा करण्याची गोष्ट नसून तो आपला हक्क आहे. तक्रार आपण जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे करता येते. म्हणजे कारखाना कोइमतुरास किंवा राजकोटास असला तरी गंगाखेडच्या शेतकऱ्यास परभणीच्या पलीकडे जावे लागत नाही. पन्नास लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीची तक्रार जिल्हा आयोग ऐकतो. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीस शुल्क नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल झाली पाहिजे. वकील दिलाच पाहिजे असेही नाही. मालाची तपासणी करावी लागत नसेल तर तीन महिन्यांत आणि लागत असेल तर पाच महिन्यांत निकाल व्हावा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात अधिक काळ लागतो, हेही ध्यानात ठेवावे. आयोग दोष दूर करण्यास, माल बदलून देण्यास, किंमत परत करण्यास व भरपाई देण्यास सांगू शकतो. तक्रारीपूर्वी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर दूरध्वनी करावा. पुष्कळ प्रकरणे तेथेच मिटतात.

येथे एक महत्त्वाचा प्रश्न उद्भवतो. कायदा व्यापारी प्रयोजनासाठी घेतलेल्या मालास लागू नाही. मग गंगाखेडात छपराखाली वेल्डिंगचे यंत्र घेऊन बसलेला, आपल्या ट्रॉल्या व वखर दुरुस्त करणारा तरुण कारागीर ग्राहक की व्यापारी? याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली एका महाराष्ट्रातील प्रकरणातच दिले आहे. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स या लघुउद्योगाने कोइमतूरच्या पी. एस. जी. इंडस्ट्रियल इन्स्टिट्यूटकडून कारखान्यासाठी एक मोठे यंत्र घेतले होते. यंत्र उशिरा आले आणि सदोष होते, अशी त्याची तक्रार होती. राज्य आयोगाने भरपाई दिली, राष्ट्रीय आयोगाने तो निर्णय फिरविला, आणि सर्वोच्च न्यायालयानेही ही खरेदी व्यापारी प्रयोजनाची ठरविली. परंतु त्याच निकालात न्यायालयाने असेही स्पष्ट केले की, जो मनुष्य स्वतः चालवून पोट भरण्यासाठी लेथ किंवा अन्य यंत्र घेतो, तो ग्राहकच होय. आणि मदतीस एक-दोन माणसे घेतल्याने त्याचे ग्राहकपण जात नाही. शेतकऱ्यांच्या बाबतीत, बियाण्यांसंबंधीच्या एका प्रकरणात २०१२ साली याच न्यायालयाने शेतकरी हा ग्राहक असल्याचे मान्य केले. म्हणून आपल्या छोट्या कारागिरांनी तक्रार लिहिताना, यंत्र आपण स्वतः चालवितो आणि त्यावरच उपजीविका करतो, हे पहिल्याच परिच्छेदात लिहावे. हे एक वाक्य राहिले, तर सारे प्रकरण दारातूनच परत येण्याचा संभव असतो.

सौर पंपाची पाच वर्षे

हा विषय आता अधिकच निकडीचा झाला आहे. कारण गेल्या काही वर्षांत सरकारी योजनांतून सौर कृषिपंप मोठ्या प्रमाणावर शेतात उभे राहिले आहेत. २०१९ साली केंद्र सरकारची ‘कुसुम’ योजना सुरू झाली आणि राज्यात ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ ही योजना आली. तीत सर्वसाधारण शेतकऱ्याने किमतीचा दहा टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याने पाच टक्के हिस्सा भरावयाचा असतो. आणि पाच वर्षांची दुरुस्तीची हमी विम्यासह मिळते. आपला हिस्सा थोडा, म्हणून कित्येक जण या हमीकडे फुकटची वस्तू म्हणून पाहतात. हे योग्य नव्हे. हमी सबंध यंत्राची आहे, भरलेल्या हिश्श्याची नव्हे. बसविण्याच्या दिवशी पॅनेल, कंट्रोलर, मोटार व पंप या चारही वस्तूंचे क्रमांक स्वतः लिहून घ्यावेत, आणि वादळाने झालेले नुकसान किंवा चोरी झाल्यास विम्यासाठी कोणास, किती दिवसांत कळवावयाचे, ते विचारून ठेवावे. पाच वर्षे हा मोठा काळ आहे. त्यात माणसे बदलतात, मोबाइल बदलतात. वही तेवढी बदलू नये.

काय करावे, याचा सारांश

वरील विवेचनाचे तात्पर्य थोडक्यात येणेप्रमाणे आहे.

१. पक्के बिल आणि शिक्का-तारखेसह कार्ड घेतल्यावाचून यंत्र दुकानाबाहेर काढू नये. बिलावर यंत्राचा क्रमांक असावा.

२. पाटी खरवडू अथवा रंगवू नये. क्रमांक नसलेले यंत्र हमीच्या दृष्टीने निनावी असते.

३. बसविल्याचा दिवस, दाब, अँपिअर व पुढील प्रत्येक बिघाड वहीत लिहावा.

४. बिघाड होताच त्याच दिवशी तक्रार क्रमांक घ्यावा आणि दुकानदार व कंपनी या दोघांस लेखी कळवावे. तोंडी बोलणे वाऱ्यावर जाते.

५. यंत्र आपल्यासमोर उघडावे असा आग्रह धरावा आणि उघडताच छायाचित्र काढावे. मेकॅनिक जे कारण सांगेल, ते त्याच्याकडून कागदावर लिहवून घ्यावे.

६. पीक थांबण्यासारखे नसेल आणि मुदतीत कोणी आलेच नाही, तर बाहेर दुरुस्ती करण्यापूर्वी तसे लेखी कळवावे, दोन जाणत्या माणसांसमक्ष यंत्र उघडावे, छायाचित्रे काढावीत आणि जळालेले भाग मोडीत न घालता पिशवीत बांधून ठेवावेत. याने कंपनीची हमी टिकेलच असे नाही. पण पुढे भरपाई मागण्यास आधार राहील.

शेवटी संस्थांविषयी एक सूचना. एकट्या शेतकऱ्याच्या पत्राकडे कारखानदार काणाडोळा करू शकतो. एकाच गावातील वीस खरेदीदारांच्या पत्राकडे तसा करता येत नाही. प्रत्येक गावच्या सोसायटीने सभासदांच्या यंत्रांची एक नोंदवही ठेवावी : यंत्राचा क्रमांक, खरेदीची तारीख, हमी संपण्याची तारीख, बिघाड, आणि माणूस किती दिवसांनी आला. दोन-तीन हंगामांत कोणत्या मालाची दुरुस्ती वेळेवर होते आणि कोणाची होत नाही, हे त्या वहीवरून आपोआप उघड होईल. आणि पुढच्या खरेदीस जाताना किमतीच्या आधी हा आकडा विचारला जाईल. दुकानदारास गिऱ्हाइकाच्या रागाची भीती नसते. त्याच्या पुढच्या खरेदीची असते.

आमच्या पहिल्या मोटारीची कच्ची पावती पुढे एका जुन्या पंचांगात सापडली. तिच्यावर रक्कम आहे. दुकानाचे नाव नाही, तारीख नाही, क्रमांक नाही. ती आम्ही फाडली नाही. दुसऱ्या मोटारीच्या बिलाशेजारीच ती वहीत चिकटवून ठेवली आहे, आणि घरातील मुले नवे यंत्र आणावयास निघाली म्हणजे ते एक पान त्यांस आधी दाखवितो.